म्हशीच्या डॉक्टरांची रेसची गाडी

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. आता ते पुतण्या बघतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. गुडघे गेले. गाडीखाली उताणं व्हायला अजून जमतं, पण तिथून उठवायला दोन माणसं लागतात.

हायवेवरच्या गॅरेजात कुणी ठरवून येत नाही. पट्टा तुटतो, पाणी उकळतं, क्लच जळतो, तेव्हा माणूस येतो आणि आल्या आल्या विचारतो, "किती वेळ लागंल?" ठरवून येणारी माणसं एकाच प्रकारची. "अण्णा, गाडी पळायला पाहिजे," म्हणणारी. असे पुष्कळ आले. त्यांच्याशी थोडं बोललं की कळायचं, त्यांना गाडीचा आवाज वाढवून पाहिजे. सायलेन्सर कापून द्या, मागं पंख लावून द्या, काचा काळ्या करा. गाडी पळाली नाही तरी चालेल, पळतेय असं गावाला वाटलं पाहिजे. मी त्यांना चहा पाजायचो आणि हुमनाबादच्या दुकानाचा पत्ता द्यायचो.

म्हणून डॉक्टर प्रज्ञा आल्या आणि त्यांनी जे मागितलं, ते ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला.

"अण्णा, माझी गाडी लवकर थांबली पाहिजे."

डॉक्टर प्रज्ञा मूळच्या आळंदच्या. वडील सरकारी बसवर ड्रायव्हर, आता रिटायर. बाई जनावरांच्या डॉक्टर, नेमणूक हळ्ळीखेडच्या बाजूला. त्यांची लाल रंगाची छोटी गाडी मी आधीपासून ओळखत होतो. डिक्कीत औषधांची पेटी, गमबूट, दोऱ्या आणि एक बादली. पायाखालच्या रबरावर कायम शेण वाळलेलं. खेड्यापाड्यांच्या वाटांवर फिरून फिरून गाडीच्या चाकांजवळचे रबरी बुश महिन्या-दोन महिन्यांत आवाज करायला लागायचे. तेवढ्यापुरती आमची ओळख.

"थांबत न्हाई का?" मी विचारलं. "ब्रेक तर परवाच बघितलेत."

"रस्त्यावर थांबते. ट्रॅकवर थांबंना झाली."

मग त्यांनी मला ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कारण मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हतं. चेन्नईच्या बाजूला मोटारींच्या शर्यतीचा पक्का रस्ता आहे, वळणावळणांचा, फिरून पुन्हा जागेवर येणारा. शर्यती नसतात तेव्हा तिथं काही दिवस साध्या माणसांना आपापली गाडी घेऊन येऊ देतात. डोक्याला हेल्मेट, अंगाला पट्टे, आणि हवी तेवढी पळवा. समोरून कुणी येत नाही, शेळी आडवी जात नाही. कुणाशी शर्यत नसते. आपलीच मागची वेळ मोडायची. डॉक्टरबाई बेंगळुरूच्या एका मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून गेल्या, एकदा गाडी फिरवली, आणि तिथंच त्यांचा जीव जडला.

"दोनतीन फेऱ्या झक्कास झाल्या," त्या म्हणाल्या. "मग ब्रेकवर पाय ठेवला तर पाय खालीच गेला. कणकेत पाय घातल्यावानी. मी गिअर उतरवत उतरवत बाहेर आले."

हे का होतं ते सोपं आहे. ब्रेकच्या नळ्यांत एक तेल असतं. आपण पाय दाबला की ते तेल चाकापाशी जाऊन पॅड दाबतं. तेल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. पण पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारला की चाक तापतं, तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो. मग पाय जमिनीला लागतो आणि गाडी आपल्या मनाची होते. घाबरून पुन्हा पुन्हा पाय मारण्याऐवजी बाईंनी गिअर उतरवले, हे ऐकूनच मी त्यांना मनातल्या मनात पास केलं.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या. "एक लांबलचक उजवं वळण हाय. तिथं तेलाचा लाल दिवा लुकलुकला. एक डोळा मिटून उघडावा एवढाच."

"तेवढा दिसला तुम्हाला? त्या वेगात?"

"रोज्ज म्हशीचा श्वास बघते अण्णा. दिसतं."

काम घेतलं. अट त्यांची एकच होती. ही गाडी त्यांची रोजची गाडी होती. ट्रॅकवरून आली की दुसऱ्या दिवशी तिला कुणाच्या तरी गोठ्यात जायचं होतं. इंजिन फुटलं तर शर्यतवाल्यांचा एक रविवार बुडतो. इथं कुणाची तरी गाय बुडाली असती.

बाईंचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, काम सुरू झालं तसे आळंदहून आले आणि माझ्या बाकड्यावर बसले. उंच, वाळके, पांढरा सदरा इस्त्रीचा. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग लेकीकडे न बघता मला विचारलं, "ही पळायली कामून? कुणाचं काय चोरलंय हिनं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी जन्मभर गाडी चालवली," ते म्हणाले. "मागं माणसं झोपलेली. त्यांना कळलं न्हाई पाहिजे की वळण आलं. हे म्हणजे ड्रायव्हिंग. हे पळवणं कसलं?"

"अप्पा, तिथं माझ्या मागं कुणी बसत न्हाई," बाई म्हणाल्या.

"तू बसतीस न्हवं?"

बाईंनी जॅक माझ्याकडं सरकवला. मीही चाक काढायला घेतलं. पण अप्पा गेले नाहीत. मी ब्रेकचे जुने रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे घातले, जास्त उष्णता सोसणारं तेल भरलं, कडक पॅड बसवले, आणि ते सगळं होईपर्यंत अप्पा बाकड्यावरून बघत राहिले. नवे पॅड बसवल्यावर मुद्दाम पुन्हा पुन्हा थांबून ते घासून घ्यावे लागतात, नाहीतर पकडत नाहीत. हायवेवर हे करू का म्हटलं तर बाईंनी साफ नकार दिला. "रस्ता सगळ्यांचा हाय." मग कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात परवानगी काढून आम्ही ते केलं. पळायचं, थांबायचं, पळायचं, थांबायचं. अप्पा सावलीत उभे. शेवटी म्हणाले, "धक्का बसंना झालाय. बरं थांबतीया." त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं बरं वाक्य.

पुढं गाडी हलकी केली. मागचं सीट काढलं, शेजारचं काढलं, ड्रायव्हरला धरून ठेवणारं खोलगट सीट आणि खांद्यावरचे पट्टे बसवले. चांगले टायर आले. स्प्रिंगा कडक आणि आखूड घातल्या, गाडी दोन बोटं खाली बसली. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलंडते. मी लांब उभा राहून बघितलं. पाय दुमडून दबा धरलेल्या मांजरीसारखी दिसत होती. मी खूश. उरला तो तेलाचा दिवा, त्याचं काय करावं याचा विचार चालला होता.

अशात एका सकाळी बाई गाडी न्यायला आल्या असताना त्यांचा फोन वाजला. शरणप्पा नावाचा शेतकरी. म्हैस कालपासून अडलेली, कळा येतात आणि जातात, पाणीपिशवी दिसत नाही. बाईंचा चेहरा बदलला.

"गर्भपिशवीला पीळ बसला असणार. अण्णा, चला माझ्यासंगं, माणूस लागंल."

"ह्या गाडीत? वाट कशी हाय तिकडची?"

"माझ्याकडं दुसरी गाडी हाय का?"

माझी जीप त्या दिवशी हुमनाबादला गेलेली. मी शेजारच्या सीटच्या मोकळ्या जागेत औषधाची पेटी मांडीवर घेऊन पत्र्यावर बसलो. डांबरी संपेपर्यंत सगळं ठीक होतं. कच्च्या वाटेवर बाईंनी गाडी इतकी जपून नेली की जणू प्रत्येक दगडाला विचारून पुढं जात होत्या. तरी एका ओहोळापाशी खालून खट्ट आवाज आला. त्यांनी त्या क्षणी इंजिन बंद केलं. मी खाली वाकून बघितलं. चेंबरला, म्हणजे इंजिनाखाली तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या हौदाला, पोचा पडून चीर गेली होती. तेल टपटप गळत होतं.

"किती चालंल?"

"आता एक पाऊल न्हाई. चालवली तर इंजिन जाईल."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली, पेटी उचलली आणि चालायला लागल्या. गाडीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ज्या गाडीसाठी ह्या बाई इतके दिवस झुरत होत्या! मी दोऱ्या खांद्यावर टाकून मागं धावलो.

म्हैस गोठ्यात उभी होती, डोळे आत गेलेले. बाईंनी हात घालून तपासलं आणि सांगितलं, पीळ उजवीकडं आहे. उपाय ऐकून मी थक्क झालो. म्हशीला आडवी पाडायची, पोटावर एक लांब फळी ठेवायची, फळीवर माणूस उभा करायचा आणि म्हशीला पिळाच्याच बाजूला लोळवायची. फळी आतली पिशवी दाबून धरते, म्हैस तेवढी फिरते, आणि पीळ सुटतो.

"अण्णा, तुम्ही फळीवर."

"मी?"

"तुमचं वजन नेमकं हाय."

आयुष्यात पुष्कळ गाड्यांवर चढलो, म्हशीवर पहिल्यांदाच. शरणप्पा आणि त्याच्या भावांनी पाय धरले, बाई डोक्याशी. "हळू न्हाई, एका दमात! हां, आता!" म्हैस फिरली, मी फळीवर तोल सांभाळत सरकलो. पुन्हा तपासलं. थोडा सुटला. पुन्हा लोळवली. तिसऱ्यांदा बाईंनी खांद्यापर्यंत हात घातला आणि त्यांचं तोंड उजळलं. "सुटला."

रेडकू बाहेर आलं तेव्हा हलत नव्हतं. बाईंनी त्याच्या नाकातलं पुसलं, काडी घातली, गोणपाटानं अंग रगडलं, रगडतच राहिल्या. शरणप्पा मान फिरवून उभा. मग रेडकू शिंकलं. एवढुसं शिंकलं आणि गोठ्यातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. रेडी होती. शरणप्पाची आई बाईंच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती, आणि बाई हात धुवायला पाणी मागत होत्या.

गाडी शरणप्पाच्या ट्रॅक्टरला बांधून आणली. दोर बांधताना त्यानं गाडी निरखून बघितली. "डॉक्टर अक्का, तुमची गाडी अशी बसली कामून? हिला बी काय झालंय का?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना ट्रॅक्टरला टेकावं लागलं. पण गॅरेजात आल्यावर त्यांनी पहिलं काम सांगितलं ते हे: "अण्णा, गाडी वर घ्या. ट्रॅकवर थोडी मागं पडली तरी चालंल. ओहोळ ओलांडला पाहिजे." माझी मांजर पुन्हा उभी राहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं बरोबर होतं.

फुटलेलं चेंबर काढून, गाडी जीपला बांधून आम्ही मस्तानभाईकडं गेलो. आमच्या भागात रेडिएटर आणि वेल्डिंग म्हणजे मस्तानभाई. त्यांनी चेंबर उलटं-सुलटं केलं. बाईंनी त्यांना लाल दिव्याची गोष्ट सांगितली. लांब वळणावर गाडी फिरते तेव्हा तेल चेंबरच्या एका कडेला चढतं, उपसणारी नळी उघडी पडते आणि इंजिनाला तेलाऐवजी हवा मिळते. मी म्हटलं, बाहेरगावाहून असलं तयार चेंबर मागवू, पण ह्या गाडीला मिळेल की नाही शंका आहे.

मस्तानभाई म्हणाले, "इसमें क्या है? पानी के टँकर में पडदे मारते न्हई क्या हम? पडदे न्हई रहे तो मोड पे टँकर उलट जाता. येच काम इसमें."

दुष्काळात ट्रॅक्टरमागं धावणारे पाण्याचे टँकर मस्तानभाईंनीच बनवलेले. आत भोकं पाडलेले पत्रे उभे असतात, म्हणून पाणी एकदम एका बाजूला धावत नाही. मी आणि बाई एकमेकांकडं बघत राहिलो. मग तिघं कामाला लागलो. चीर सांधली, आत नळीभोवती छोटे पत्रे उभे केले, खाली तेल हळूहळू सरकेल एवढ्या फटी ठेवल्या. नळी पत्र्याला घासते का बघायला मी मस्तानभाईंच्या घरून कणकेचा गोळा मागवला. तो आत ठेवून चेंबर बसवलं, पुन्हा काढलं. कणीक किती दबली त्यावरून फट किती ते कळतं. मस्तानभाईंची बायको, आमच्या भाभी, दारातून म्हणाल्या, "गाडी को रोटी खिलारे क्या?"

ट्रॅकच्या दिवसासाठी बाई लाल गाडीतून निघाल्या. मी जीपमध्ये टायर, जॅक, काढलेलं शेजारचं सीट आणि हत्यारं घेऊन मागं. माझ्या शेजारी अप्पा. ते येतील असं वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गॅरेजात उभे राहिले आणि म्हणाले, "मी पण येतो. बघतो तरी."

तिथं पोचल्यावर मला दबल्यासारखं झालं. काय एकेक गाड्या! जमिनीला चिकटलेल्या, ज्यांची चाकंच आमच्या गाडीएवढी. त्यांच्यात आमची लाल गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतीत गमबूट घालून आलेलं माणूस. पण तिथल्या माणसांनी फार मायेनं वागवलं. तपासणी करणाऱ्यानं चेंबर खालून बघितलं, कुणी बनवलं विचारलं, आणि मस्तानभाईंच्या नावाचा उच्चार दोनदा करून बघितला.

पहिल्यांदा बाई हळू गेल्या, रस्त्याची ओळख करून घेत. दुसऱ्यांदा वेग वाढला. मी कठड्याशी उभा राहून कान लावला. चालवणाऱ्याचा हात कानाला कळतो. कुणी गिअर टाकतं तेव्हा गाडी दचकते, कुणी ब्रेक मारतं तेव्हा टायर ओरडतात. आमची गाडी दचकत नव्हती. वळणाआधी वेग उतरे, गाडी वळे, आणि सरळ होता होता वेग चढे. कपडा शिवताना सुई जावी तशी. मी बाजूला बघितलं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"गिअर कधी टाकला कळंना झालंय," ते पुटपुटले.

दुपारनंतर बाईंची सगळ्यात चांगली फेरी चालली होती. बेंगळुरूची मैत्रीण घड्याळ धरून उभी, तिनं आधीच ओरडायला सुरुवात केलेली. मागच्या वेळेपेक्षा गाडी बरीच पुढं होती. तेवढ्यात लांबच्या वळणावर पिवळा झेंडा हलला, म्हणजे पुढं धोका, वेग कमी करा. कुणाच्या तरी गाडीचं तेल रस्त्यावर सांडलं होतं. बाईंनी त्या क्षणी वेग सोडला, हात वर केला आणि कडेकडेनं सावकाश बाहेर आल्या. त्यांच्या मागची एक मोठी गाडी झेंडा बघूनही आली तशीच आली, तेलावरून घसरली आणि फिरत फिरत खडीत जाऊन रुतली. चालवणाऱ्याला काही झालं नाही. झेंडेवाला मात्र उडी मारून भिंतीआड गेला म्हणून वाचला.

बाई उतरल्या. हेल्मेट काढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरेरे, ती फेरी गेली की हो."

"गेली तर गेली. तिथं माणूस उभा होता अण्णा, झेंडा धरून."

एवढंच बोलून त्यांनी पाणी मागितलं. माझ्या व्यवसायात मी वेगवान माणसं पाहिली, हुशार माणसं पाहिली. पण जीव ओतून मिळवलेली गोष्ट हातात येता येता अशी अलगद सोडणारं माणूस मी दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते हेच होतं. एकदा ओहोळापाशी, एकदा इथं.

रस्ता पुसून साफ केल्यावर शेवटची पाळी मिळाली. बाईंनी आपली जुनी वेळ मोडली. गाडी खाली बसवलेली असती तर अजून मोडली असती, हे मला आजही वाटतं. लांब उजव्या वळणावर दिवा एकदाही लागला नाही. मी मस्तानभाईंना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "हौ, मेरेकू मालूम था."

अप्पा लेकीजवळ गेले. तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं, रुमालानं आतून पुसलं आणि गाडीच्या टपावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी शेजारचं सीट परत बसवलं, साधे टायर घातले. बोल्ट आवळत होतो तोवर अप्पा आले. त्यांनी माझ्या जीपमधून आपली पिशवी काढली आणि लाल गाडीत ठेवली.

"मी हिच्यासंगं येतो," ते म्हणाले.

पुढं लाल गाडी, मागं मी. ऊन चढलेलं, रस्ता मोकळा. बाई सगळ्यांसारख्याच चालवत होत्या, ट्रकला वाट देत, गाव आलं की वेग कमी करत. बराच वेळ मला मागच्या काचेतून अप्पांचं ताठ डोकं दिसत होतं. मग ते दिसेनासं झालं. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली की काय. मी हॉर्न वाजवणार तेवढ्यात पुढं एक चहाची टपरी आली आणि बाईंनी गाडी सावलीत घेतली.

मी धावत गेलो. बाई आवाज न करता उतरल्या आणि ओठावर बोट ठेवलं. आत अप्पा एका बाजूला कलले होते. तोंड थोडं उघडं, सदरा चुरगळलेला. चक्क घोरत होते.

आम्ही टपरीशी उभं राहून चहा घेतला. बाई कपाकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, मला कळायला लागल्यापासून अप्पा कुणाच्या गाडीत झोपलेले मी बघितले न्हाईत. बस असू दे, जीप असू दे. आई आजारी असताना हैदराबादहून परत आलो, दोन दिवसांचे जागलेले होते. तरी ड्रायव्हरच्या मागं बसून रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, आपण झोपलो आन् त्याला डुलकी लागली तर?"

टपरीवाल्यानं मोठ्यानं विचारलं, आतल्या माणसाला चहा द्यायचा का. बाईंनी घाईघाईनं हात हलवून नको म्हटलं, डोळे पुसले आणि पुन्हा गाडीत बसल्या. दार इतकं हळू लावलं की मला, शेजारी उभा असूनही, कडीचा आवाज आला नाही.